ऑपरेशन स्तनांचं, रजा हातांना: ब्रेस्ट रिडक्शनची तयारी आणि नंतरचे सहा आठवडे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, राहायला कासारवडवली, नोकरी महापेला, घरी ४ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मानदुखी, खांद्यांवर रुतलेले पट्ट्यांचे वळ आणि दर पावसाळ्यात स्तनांखाली उठणारं पुरळ यांना कंटाळून ब्रेस्ट रिडक्शन, म्हणजे स्तनांचा आकार कमी करायचं ऑपरेशन, करायचं ठरलंय, जूनअखेरची तारीख मिळालीय. रजा किती टाकू, घरात काय तयारी करू आणि गणपतीला गावी जाऊन मोदक करता येतील ना, हे तुम्हाला हवंय.

रजेचा आकडा लगेच सांगते. काम कॉम्प्युटरवरचं असेल आणि सुरुवातीला घरून करू देणार असतील तर दोन आठवडे. रोज महापेला जावंच लागणार असेल तर तीन ते चार. पण एवढ्याने तुमची अडचण सुटत नाही. दोन आठवड्यांनी तुम्ही खुर्चीत बसून टाइप कराल, पण पाण्याची बादली, पाच लिटरचा भरलेला कुकर आणि सोफ्यावर झोपी गेलेला मुलगा, यांतलं काहीही उचलता येणार नाही. ऑपरेशन स्तनांचं असलं तरी सहा आठवडे रजा द्यायची ती हातांना, आणि ती ऑफिसकडून मिळत नाही, घरच्यांकडून घ्यावी लागते. बऱ्याच जणी तयारी म्हणून ब्रा आणि मलमं विकत आणतात आणि वरच्या फडताळातला डाळीचा डबा कोण काढणार, हे ठरवायचं राहून जातं.

पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंच तुमच्या स्तनांचा आकार, किती भाग काढायचा, काप कुठे, वजन, साखर, तंबाखू यांवर बदलतं. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. आत काय दिसलं ते त्यांनी पाहिलेलं असतं, मी नाही.

आधी आत काय होतं ते समजून घ्या, म्हणजे सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत. स्तनाग्र आणि त्याभोवतीचं गडद वर्तुळ आम्ही सर्जन सहसा कापून वेगळं करत नाही. आतल्या ऊतींचा एक जाड देठ तसाच ठेवतो आणि स्तनाग्र त्या देठावर जिवंत राहतं, फळ फांदीला राहतं तसं. देठाच्या आजूबाजूचा जादा भाग काढायचा, देठासकट स्तनाग्र वर न्यायचं आणि उरलेली त्वचा भोवती ओढून शिवायची. एका बाजूने ४०० ते ६०० ग्रॅम निघाले तर त्यात नवल नाही. अतिशय मोठ्या आणि लोंबत्या स्तनांत मात्र देठ फार लांब होतो, तेव्हा कधीकधी स्तनाग्र सुटं काढून नव्या जागी लावावं लागतं. टाक्यांची रेघ बहुधा जहाजाच्या नांगरासारखी दिसते: वर्तुळाभोवती एक, तिथून सरळ खाली एक आणि स्तनाखालच्या घडीत एक आडवी. कमी काढायचं असेल तर आडवी रेघ टळते. आता दोन जागा ध्यानात ठेवा. एक तो देठ, ज्यातून रक्त येतं. दुसरी, उभी आणि आडवी रेघ जिथे मिळतात तो खालचा सांधा. तिथे तीन बाजूंची त्वचा एका टोकाला ओढलेली असते, ताण सगळ्यात जास्त आणि रक्त सगळ्यात कमी. जवळजवळ सगळी पथ्यं या दोन जागांसाठी आहेत.

म्हणून तंबाखू पहिली. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. देठातला पुरवठा कमी पडला तर स्तनाग्राचा भाग काळा पडू शकतो आणि सांध्यावरची जखम उकलते. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतर किमान चार आठवडे पूर्ण बंद, निकोटिनची गोळी किंवा पट्टीसुद्धा सर्जनला विचारल्याशिवाय नको. तुम्ही सिगारेट ओढत नसाल, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते: मिशरी ही तंबाखूच आहे. ‘तंबाखू घेता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या बाया सकाळी मिशरी लावत असतात, कारण घरात तिला कोणी तंबाखू म्हणतच नाही. आम्ही आता मिशरीचं नाव घेऊनच विचारतो.

दुसरं, पुरळ. तुमच्या बाबतीत हे तारखेइतकंच महत्त्वाचं आहे. स्तनांखालच्या ओल्या घडीत बुरशी वाढते आणि नेमका तिथेच आम्हाला आडवा काप द्यायचा असतो. ऑपरेशनच्या दिवशी घडी लाल, ओली किंवा चिरलेली दिसली तर तारीख पुढे जाते आणि ते योग्यच असतं. आत्ताच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून मागून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम चोळू नका. दोन दिवस खाज थांबते, मग त्वचा पातळ होते आणि बुरशी जास्त चिवट होऊन परत येते. डॉक्टरांनी दिलेलं बुरशीविरोधी मलम पुरळ गेल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावा. आंघोळीनंतर घडी टिपून कोरडी करा, हेअर ड्रायरचा थंड झोत मारा आणि दिवसभर मधे सुती कापडाची पातळ घडी ठेवून घामाने ओली झाली की बदला. डॉक्टरांचे हे कागद जपून ठेवा, विम्याला लागतील.

तिसरं, रक्त. आपल्याकडे कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन ९-१० च्या आसपास असतं आणि चक्कर येईपर्यंत कोणी तपासत नाही. ते ११ च्या वर असावं, १२ असेल तर उत्तम. कमी असेल तर लोहाच्या गोळ्या दीड-दोन महिने आधी सुरू व्हायला हव्यात, म्हणजे तुम्ही तपासणी या आठवड्यातच करा. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. पाळीत खूप रक्त जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी भेटा, कारण एका बाजूने गळणाऱ्या हंड्यात पाणी ओतत बसण्यात अर्थ नाही. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, साधारण ७ ते ७.५ च्या आत आणूनच टेबलावर घ्यावं, असं माझं मत आहे.

वजन कमी करायचं असेल तर आधी करा आणि मग तीन-चार महिने तिथेच टिकवा. ऑपरेशननंतर दहा किलो उतरले तर आकार पुन्हा सैल पडतो. आठवड्याला एकदा घ्यायची वजनाची इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. त्या इंजेक्शनांनी पोट उशिरा रिकामं होतं आणि भूल देताना उलटी फुप्फुसात जायची भीती असते. दुसरं मूल येत्या वर्षभरात हवं असेल तर माझा सल्ला सरळ आहे, ऑपरेशन नंतर करा. गरोदरपणात आकार बदलतो, आणि रिडक्शननंतर दूध पुरेसं येईलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. काहींना येतं, काहींना अर्धवट, काहींना नाही.

औषधांची यादी लिहून न्या, आयुर्वेदिक आणि ‘साधी’ म्हणून घेतलेलीसुद्धा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर ते स्वतः बंद करू नका, कधी थांबवायचं ते फिजिशियन ठरवतील. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आठवडाभर आधी थांबवतात. गुग्गुळ, लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सूल, माशाचं तेल दोन आठवडे आधी बंद. आमटीतली हळद आणि फोडणीतला लसूण चालू द्या. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पायात गुठळ्या व्हायची शक्यता वाढते, त्या साधारण चार आठवडे आधी थांबवून दुसरा उपाय वापरावा लागतो. आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या! तारीख आणि पाळी एकत्र येते म्हणून परस्पर घेऊ नका. पाळी चालू असताना ऑपरेशन होतं, त्यासाठी तारीख बदलत नाही. त्या गोळ्यांनीही गुठळ्यांचा धोका वाढू शकतो.

वय ४० च्या पुढे असेल तर मॅमोग्राफी आधी हवीच. तुमच्या वयाला सहसा सोनोग्राफी पुरते, पण आई, बहीण किंवा मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर तसं सांगा. काढलेला भाग डावा-उजवा असं लिहून वेगवेगळ्या डब्यांतून पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. तो रिपोर्ट मागून घ्या आणि फाइलला लावा.

सर्जनबद्दल दोन ओळी. पदवी एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरीची आहे का बघा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासता येते. ‘कॉस्मेटिक’ अशी पाटी कोणीही लावतं. हे ऑपरेशन पूर्ण भुलीचं, दोन ते चार तासांचं आहे, दवाखान्यावरच्या गाळ्यात करायचं नाही. खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि त्यात पॅथॉलॉजी, ब्रा, नंतरची ड्रेसिंगं आणि रक्तस्राव झाल्यास पुन्हा थिएटरमध्ये न्यायचा खर्च धरला आहे का ते विचारा. जीएसटी लागणार का, तेही. विम्याच्या बाबतीत विमा नियामक आयआरडीएआयने ठरवलेल्या वगळण्यांत ०८ क्रमांकाचं कलम कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचं आहे. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना, किंवा तब्येतीचा थेट धोका टाळण्यासाठी डॉक्टरांनी गरजेचं ठरवलेलं ऑपरेशन, एवढाच त्यात अपवाद. दावा मंजूर होईलच असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण पुरळाचे, मानदुखीचे आणि फिजिओथेरपीचे जुने कागद लावून पूर्वमंजुरी मागा आणि उत्तर लेखी घ्या. खाजगीतला खर्च झेपणारा नसेल तर मुंबईत केईएम, सायन आणि नायरला प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. थांबावं लागतं, पण रस्ता बंद नाही.

आता घर. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी स्वयंपाकघरात उभ्या राहा आणि कोपरं बरगड्यांना चिकटवून चहा करून बघा. हात जिथे पोचला नाही ती वस्तू खाली आणायची. रोजचे डबे, चहा-साखर, तवा, औषधं सगळं कंबर ते खांदा यांच्यामधल्या उंचीवर. माळ्यावरचं काही लागणार असेल तर आताच काढून ठेवा. छताला टांगलेल्या वाळणाच्या दांड्या दोरीने वर ओढायचं काम सहा आठवडे तुमचं नाही. जड सरकती खिडकी आणि पावसाने फुगलेला दरवाजा ही दोन कामं कोणाच्या लक्षात येत नाहीत. दोन्हींत छातीवर अचानक झटका बसतो. खिडकीच्या रुळात मेणबत्ती घासून ठेवा.

वजनाची मर्यादा पहिले दोन आठवडे साधारण दोन किलो, मग हळूहळू वाढवत सहा आठवड्यांपर्यंत पाच. दोन किलो म्हणजे दुधाच्या एक लिटरच्या दोन पिशव्या. मगाने पाणी घेणं ठीक, बादली सरकवणं नाही. पोळ्या लाटणं दोन-तीन आठवड्यांनी सुरू करता येतं, तेही ओट्याशी उभं राहून आणि मऊ कणकेच्या. कणीक मळणं, पिळे घालणं, लादी पुसणं यांत छातीने दाब द्यावा लागतो, ती कामं महिना-दीड महिना दुसऱ्याकडे. कामवाल्या ताईंना एक वेळ जास्तीची आत्ताच सांगून ठेवा, जुलैत ऐनवेळी कोणी मिळत नाही.

मुलाचं सगळ्यात अवघड. चार वर्षांचं मूल १५-१६ किलोचं असतं आणि आई बरी नाही हे त्याला दोन दिवस कळतं, तिसऱ्या दिवशी ते धावत येऊन छातीवर आदळतं. दोन आठवडे आधीपासून सवय लावा: आई सोफ्यावर बसलेली, मांडीवर उशी, आणि त्याने बाजूने चढून कुशीत यायचं. ‘आईला बाऊ झालाय’ यापेक्षा ‘आई उचलणार नाही, तू चढ’ हे मुलांना जास्त समजतं. पहिले दहा दिवस रात्री तो सासूबाईंकडे किंवा बाबांकडे झोपू दे.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री आणि सकाळी हॉस्पिटलने दिलेल्या औषधी साबणाने आंघोळ. काखेत रेझर फिरवू नका, बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. घन पदार्थ सहा तास आधी बंद, तळलेलं किंवा भरपेट जेवण आठ तास आधी, साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं. नेमक्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतील त्या पाळा. नेलपॉलिश काढा. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या घरीच ठेवा. धातू अंगावर राहिला तर रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणाने तिथे भाजू शकतं. घट्ट बसलेल्या बांगड्या आदल्या दिवशी साबण लावून काढा, थिएटरच्या दारात ओढाताण नको. केसांची वेणी घालून जा, पुढचे आठ-दहा दिवस तुमच्या हाताने केस धुता येणार नाहीत. सकाळी सर्जन तुम्हाला उभं किंवा ताठ बसवून पेनाने खुणा करतील. झोपल्यावर स्तन बाजूला सरकतात म्हणून मापं आधीच घ्यावी लागतात. आकाराबद्दलचं शेवटचं बोलणं तेव्हाच करा. ‘बी कप हवा’ यापेक्षा ‘कुर्ता खांद्याच्या मापाने घेता यावा’ असं सांगितलंत तर आम्हाला जास्त कळतं. किती लहान करता येईल हे शेवटी देठातलं रक्त ठरवतं.

पहिली रात्र हॉस्पिटलमध्येच काढा, संध्याकाळी घरी सोडतो असं म्हणाले तरी. रक्त साचायचा धोका पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त असतो. एकच बाजू भराभर फुगली, दगडासारखी टणक आणि जांभळी झाली, त्याच बाजूचं दुखणं वाढत गेलं, की ताबडतोब थिएटरमध्ये नेऊन रक्त काढावं लागतं. कासारवडवलीहून माजिवड्यापर्यंत यायला घोडबंदर रोड कधी वीस मिनिटं घेतो, कधी दीड तास. तो जुगार त्या रात्री खेळू नये. काही सर्जन आत साचणारं रक्त-पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी ठेवतात, काही नाही. ठेवली तर बहुधा एक-दोन दिवसांत, गळती कमी झाली की काढतात.

घरी येताना रिक्षा नको, गाडी. सीटबेल्ट लावायचाच, मात्र तो आणि छाती यांच्यामध्ये पातळ उशी. खड्ड्याला उशी हाताने हलकी दाबून धरा.

झोपणं पाठीवर, डोकं-पाठ ३० ते ४५ अंश उंच, चार ते सहा आठवडे. उशांचा मनोरा रात्री कोसळतो. त्यापेक्षा खाली लोड, त्यावर दुमडलेली गोधडी, वर एक उशी आणि गुडघ्यांखाली दुसरी, म्हणजे अंग खाली घसरत नाही. उठताना हातांवर रेटा देऊन उठायचं नाही. गुडघे दुमडा, कोपरं अंगाशी ठेवा, किंचित कुशीवर वळून पाय पलंगाखाली सोडा आणि पायांच्या वजनाने धड वर येऊ द्या. मदत करणाऱ्याला एकदा शिकवून ठेवा: हात धरून ओढायचं नाही, पाठीमागे खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहात लावून वर लोटायचं. आपल्याकडे माया म्हणजे दोन्ही दंड धरून उचलणं. पहिल्या सकाळी त्यातूनच टाक्यांवर ताण येतो.

हातांना रजा म्हणजे हात बांधून ठेवणं नव्हे, हे मात्र ठळक लिहायला हवं. घाबरून खांदा हलवलाच नाही तर तो तीन आठवड्यांत आखडतो. दुसऱ्या दिवसापासून खांदे वर-खाली आणि मागे गोल फिरवणं, हात खांद्याच्या उंचीपर्यंत नेणं, प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. डोक्याच्या वर दोन आठवड्यांनी, सर्जनने पाहिल्यावर. आणि चाला, अगदी पहिल्या संध्याकाळपासून. पोटऱ्यांत रक्त साकळू नये म्हणून दर दोन तासांनी घरातल्या घरात पाच मिनिटं.

दुखणं बहुतेकींना वाटतं त्यापेक्षा कमी असतं, आणि अंगावर काढायचं नसतं. पहिले तीन-चार दिवस पॅरासिटामॉल लिहून दिलेल्या वेळेला घ्या, दुखायची वाट न बघता. दुखत असेल तर श्वास उथळ होतो आणि चालणं बंद पडतं. ट्रामाडॉलसारखी जोरकस गोळी दिली असेल तर पोट साफ होत नाही, त्यासाठी रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी. कुंथताना छातीवर येणारा ताणही मग टळतो.

खाण्यावरून घरात वाद होणार. आंबट खाऊ नको टाके पिकतील, भाताने पू होतो, अंडं उष्ण पडतं, हे सगळं ऐकून घ्या आणि जेवा. टाके पिकतात ते जंतूंनी, साखरेनं किंवा ओलाव्यानं. जखम भरायला प्रथिनं लागतात. तुमचं वजन ६५ किलो धरलं तर रोज ८० ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर वरणात ६-७, ग्लासभर दुधात तितकंच, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८. नुसत्या पेजेवर आणि मऊ भातावर हा हिशोब बसत नाही.

ब्रा पुढून हुक असलेली, तारेशिवाय, रुंद पट्ट्यांची, चार ते सहा आठवडे दिवसरात्र. जुलैत कपडे वाळत नाहीत म्हणून दोन नाही, तीन लागतील. पण आधी एकच घ्या. नवं माप कळल्यावर उरलेल्या दोन घ्या. खालचा पट्टा आडव्या टाक्यांवर चढत नाही ना, हे आरशात बघा. पट्टा दुमडून दोरीसारखा झाला की नेमका सांध्यावर घासतो. डोक्यावरून घालायचे कुर्ते कपाटात, पुढून बटणांचे गाउन आणि नवऱ्याचे शर्ट बाहेर. शॉवर साधारण दोन दिवसांनी, सर्जनने हो म्हटल्यावर. पाणी पाठीवरून येऊ द्या, चोळू नका, टिपा, थंड झोताने वाळवा आणि पंख्याखाली दहा मिनिटं बसूनच ब्रा घाला. दमट हवेत ही दहा मिनिटं मलमापेक्षा जास्त काम करतात.

आता सांध्याबद्दल, कारण इथेच सगळ्या जणी घाबरतात. दहाव्या ते एकविसाव्या दिवसाच्या दरम्यान खालच्या सांध्यावर वाटाण्याएवढी, कधी चार आण्याएवढी जखम उघडते, पिवळसर पातळ पाणी येतं, ब्रावर डाग पडतो. ऑपरेशन फसलं असा याचा अर्थ नाही, या ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार हीच. फोटो काढून सर्जनला पाठवा आणि ड्रेसिंगला जा. बहुधा नुसत्या ड्रेसिंगने तीन-चार आठवड्यांत आतून भरून येते, पुन्हा टाके घालत नाहीत. हळद, खोबरेल, कोरफड काही भरू नका. पिवळा चिकट थर दिसला तर तो खरवडू नका, सगळंच पिवळं म्हणजे पू नव्हे. पुढे कधीतरी टाक्याचं टोक काट्यासारखं बाहेर डोकावतं. तेही स्वतः ओढायचं नाही.

पण पुढचं काही झालं तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसायचं नाही, लगेच निघायचं. एक बाजू अचानक फुगणं. स्तनाग्र निळं-काळं किंवा एकदम पांढरंफटक होणं. ताप १०१ च्या वर आणि पसरत जाणारी लाली, किंवा वास येणारा स्राव. एका पोटरीला सूज नि दुखणं, आणि सगळ्यात तातडीचं म्हणजे धाप किंवा छातीत कळ. हे शेवटचं झालं तर आपल्या सर्जनचं हॉस्पिटल शोधत बसू नका, जवळच्या आयसीयू असलेल्या हॉस्पिटलात जा.

बाकी ज्याची भीती वाटते ते बरंचसं वाट बघण्यासारखं असतं. सुरुवातीला स्तन चौकोनी, उंच आणि दोन वेगवेगळे दिसतात. खालचा भाग भरून आकार बसायला तीन महिने, पूर्ण स्थिरावायला सहा ते बारा. स्तनाग्र बधिर असतं किंवा मधेच विजेसारखी चमक येते, ती नस परत जागी होण्याची खूण. काही जणींची जाणीव कायमची कमी राहते, हे आधीच मान्य करून ऑपरेशनला जावं. महिन्या-दोन महिन्यांनी आत टणक गाठ लागली तर ती बहुधा मेलेल्या चरबीची असते, पण ‘बहुधा’वर सोडायचं नाही, दाखवायचं. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल कोणी विचारत नाही म्हणून सांगते: दोन-तीन आठवड्यांनी हरकत नाही, छातीला सहा आठवडे धक्का नको.

व्रणांसाठी सिलिकॉनचं जेल किंवा पट्टी, जखम पूर्ण बंद झाल्यावरच, आणि मग रोज, किमान तीन महिने. आपल्या त्वचेला व्रण आधी गडद आणि उंच होतात, वर्ष-दीड वर्षात फिके पडतात. आधी कान टोचल्यावर किंवा सिझेरियनला जाड गाठीसारखा व्रण आला असेल तर सर्जनला ऑपरेशनआधीच दाखवा.

ऑफिसचा रस्ता: गाडी तीन आठवड्यांनी, गुंगीची गोळी बंद झाल्यावर आणि झटक्याने स्टिअरिंग फिरवता येतं हे उभ्या गाडीत तपासून. स्कूटर सहा आठवडे नाही. ठाण्याहून वाशी-पनवेलची लोकल गर्दीच्या वेळी सहा आठवडे टाळा. घणसोली किंवा कोपरखैरणेला उतरताना दारातला रेटा छातीवरच येतो आणि वरची कडी धरायला हात पूर्ण वर न्यावा लागतो. कंपनीची बस असेल तर ती, नाहीतर दुपारची वेळ मागून घ्या. लॅपटॉपची बॅग पाठीवर नको, चाकांची.

राहिले गणपती. जूनअखेर ऑपरेशन झालं तर तुमच्या हातात दहा-अकरा आठवडे आहेत आणि मधे काही बिघडलं नाही तर तेवढे पुरतात. कोकणात गाडीने जा, दर दोन तासांनी उतरून चाला, बसने जावं लागलं तर वरची बॅग दुसऱ्याने काढू दे. मोदक वळायला हात खांद्याच्या वर जात नाहीत, त्यामुळे ते बसून कितीही करा. उकड मळायला लागणारी ताकद मात्र अजून परतलेली नसेल. नारळ खवायला बसाल तर एकानंतर थांबून बघा. खांदा भरून आला तर विळी जावेकडे सरकवा.